कांडीचा उन्हाळा

सोलापूरचा उन्हाळा मला आवडतो असं म्हटलं की माणसं माझ्याकडे संशयानं बघतात. पुण्याची माझी भाची तर सरळ म्हणते, "मावशी, तुला ऊन लागलंय." लागू दे. चैत्र आला की दुपारी हे गाव ज्या ठामपणे दारं लावून घेतं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. उगाच कोणी कोणाकडे जात नाही, फोनवरही माणसं मोजकं बोलतात. नळाला आंघोळीइतकं गरम पाणी येतं, माठावरचं फडकं भिजवलं की घटकाभरात वाळतं. कडुलिंबाचा बारीक पांढरा फुलोरा रस्त्याच्या कडेनं साचतो आणि त्याचा कडवट-गोड वास झळांबरोबर घरात शिरतो. यंदाही शिरला. मी वाचत होते, पुस्तक पालथं घातलं आणि तशीच बसून राहिले. त्या वासाबरोबर मला दरवेळी तोच एक उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आम्ही एका कुत्रीच्या यकृतातली गाठ विजेनं मारायला निघालो होतो.

मी जनावरांची डॉक्टर. पोट उघडण्यात माझा हात बसलेला आहे, हे सांगताना मी लाजत नाही. म्हशींच्या पोटातून मी खिळे काढलेत, दोरखंड काढलेत, एकदा तर बक्कलासकट चप्पल काढली. त्यामुळे आमच्या दवाखान्यात विजेनं गाठी मारून बघायचा तो अभ्यास आला तेव्हा सुरीचं काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. विजेचं काम माने सरांचं. ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मूळचे नातेपुत्याचे, आणि वीस वर्षं शहरात काढून बोली तिकडचीच. यंत्र त्यांनी आणि बाहेरगावच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून केलं होतं. दिसायला साधी करडी पेटी, चाकांवर उभी केलेली.

उपाय सांगायला सोपा होता. गाठीच्या दोन्ही बाजूंना बारीक सुया टोचायच्या आणि त्यांच्यामधून विजेचे ठोके सोडायचे. ठोका जोरदार, पण इतका छोटा की उष्णता साचायला वेळच मिळत नाही. त्यामुळे काही भाजत नाही, जळत नाही. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं, त्याला भोकं पडतात. ती बुजली नाहीत की पेशी मरते. लगेच नाही, आपल्या सवडीनं, दोन-चार दिवसांत. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर तिची भिंत मात्र बहुतेक टिकते. म्हणूनच सगळ्यांचा जीव या उपायात अडकला होता. मोठ्या शिरेला चिकटून बसलेल्या गाठीपर्यंत सुरी नेता येत नाही. तिथं माझ्यासारखी बाई हात धुऊन परत येते.

हे उंदरांवर करून झालं होतं, डुकरांवर करून झालं होतं. आता ज्यांना हा आजार आपसूक झालाय अशा घरच्या कुत्र्यांवर, मालकांना विचारून, बघायचं होतं.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यातला एसी दुपारी मान टाकायचा. धड चालणारा कूलर एकच, आणि तो माने सरांनी यंत्रासमोर लावून ठेवला होता. मी कुरकुर केली की म्हणायचे, "मॅडम, तुमी घाम पुसू शकता. त्याला पुसता येत न्हाय." त्या पेटीचे इतके लाड व्हायचे की आमची नर्स तिला 'सूनबाई' म्हणायची.

कांडी आली ती अशाच एका दुपारी, रिक्षातून, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली. बरोबर यादगिरी आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई. यादगिरी आधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, मग त्यांनी घरातच चार माग टाकले. कुत्री त्या मागांमध्येच वाढलेली. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायची सुताची कांडी असते, ती पिल्लू असताना पळवून न्यायची, म्हणून तिचं नाव कांडी. पिवळट रंगाची, गावठी, एक कान दुमडलेला. अंगावर मांस उरलं नव्हतं आणि पोट तेवढं तट्ट.

"बस, बस," मी तिला म्हटलं. ती माझ्याकडे बघत उभीच.

"तिला मराठी येत न्हाय मॅडम," यादगिरी ओशाळून म्हणाले. "आमच्या घरात तेलुगू हाय की. 'कूर्चो' म्हना."

मी 'कूर्चो' म्हटलं. ती लगेच बसली, आणि माझा उच्चार ऐकून लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला.

सोनोग्राफीत यकृताच्या डाव्या भागात लिंबाएवढी गाठ दिसली. एकच होती, आणि कापून काढता येण्यासारखी होती. म्हणजे अभ्यासाला हवी होती तशीच. पद्धत अशी ठरली होती की आधी विजेचे ठोके द्यायचे, चार दिवस थांबायचं, मग पोट उघडून गाठ काढायची आणि ती खरोखर मेली आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मी हे सगळं नीट समजावलं. यादगिरींनी ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.

"मॅडम, एक विचारू? कापायचंच हाय, तर शॉक कशाला? आनि शॉकनं मरतंय, तर कापायचं कशाला?"

इतका सरळ प्रश्न आम्हाला परवानगी देणाऱ्या समितीतही कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "खरं सांगू का? कापणं तुमच्या कांडीसाठी आहे. शॉक तिच्यासाठी नाही. ज्यांचं कापता येत नाही, त्यांच्यासाठी आहे. कुत्र्यांसाठी, आणि पुढं कधीतरी माणसांसाठी. तुम्ही नको म्हणालात तर नुसतं कापून देते. त्यात काही कमी करणार नाही."

ते लक्ष्मीबाईंकडे वळले. दोघांचं तेलुगूत काहीतरी झालं. मग लक्ष्मीबाईंनी मला विचारलं, "तिला दुकंल का?"

"नाही. झोपवून करणार."

"मग करा. आमाला काय, कुनाला तरी व्हईल."

त्या दोघांच्या प्रश्नांचा विचार मी अजून करते. उंदरांच्या वतीनं असं कोणी विचारलेलं नसतं. नियम असतात, समित्या असतात, आणि ती माणसं चांगली असतात, मी स्वतः त्यांच्यात बसलेली आहे. पण दुखेल का, हे विचारताना कोणाचा आवाज कापत नाही. आपण औषधाची गोळी पाण्याबरोबर गिळतो तेव्हा तिच्यामागं किती पिंजरे असतात ते आठवत नाही. आठवत बसावं असंही माझं म्हणणं नाही. मी असले प्रयोग करते, पुढंही करणार. फक्त कांडीपासून मला वाटायला लागलं की प्रत्येक पिंजऱ्यासमोर एक लक्ष्मीबाई उभी असती तर आमची कामं हळू झाली असती, पण जास्त नीट झाली असती.

ठोक्यांचा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. कांडी टेबलावर आडवी, तोंडात नळी, पोटाची केस काढलेली कातडी गुलाबी. सोनोग्राफीवर बघत बघत मी दोन सुया गाठीच्या दोन कडांना नेल्या. मग माने सरांनी यंत्र तिच्या हृदयाला जोडलं. ही त्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. वीज आपल्या मनानं सुटत नाही. हृदयाचा ठोका पडून गेला की लगेच एक अगदी लहान सुरक्षित फट असते, तेवढ्यातच सोडायची. चुकीच्या वेळी सोडली तर हृदय बिथरतं. त्यामुळे ते सगळं यंत्र, माने सर आणि मी, एका गावठी कुत्रीच्या हृदयाची वाट बघत होतो. तिचा ठोका, मग यंत्राचा बारीक 'टक्'. पुन्हा तिचा, पुन्हा त्याचा. शेपटीचं टोक दरवेळी जरासं हलायचं. बाकी काही नाही. ना धूर, ना वास.

बाहेर लिंबाखाली यादगिरी बसले होते. "झालं?" ते म्हणाले. "जळाल्याचा वासबी न्हाय आला."

"येतच नाही," मी ऐटीत म्हटलं. "पण गाठ मेली म्हणून समजा."

मला तेव्हा तसंच वाटत होतं. पडद्यावर गाठीचा रंग बदललेला मी बघितला होता, माने सरांचे आकडे जुळले होते, आणि माझा स्वभावच असा की काम मनासारखं झालं की जिभेला लगाम राहत नाही.

मधले चार दिवस कांडीला दवाखान्यातच ठेवायचं होतं. पण ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि पाण्यालाही शिवेना. मी 'रा, रा' करून तेलुगूत बोलावून पाहिलं, तिनं दुमडलेला कानही हलवला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला घरी पाठवली, चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आणायच्या बोलीवर.

चौथ्या दिवशी सकाळी कोणीच आलं नाही. मी फोन लावला. यादगिरी म्हणाले, "मॅडम, आमचं म्हननं हाय की आता कापायचं नको."

"का?"

"बरी झाली की ती. दूधभात खाल्ला. काल दारातून मांजर हाकललं. घरात म्हनत्यात, गाठ मेलीय तर पोट फाडायचं न्हाय."

घरात म्हणजे लक्ष्मीबाई. मी फोनवर पुष्कळ सांगितलं, पण पलीकडे माग चालू होते आणि त्यांना निम्मंच ऐकू येत होतं. माने सर तोंड पाडून यंत्रापाशी बसले. त्यांचं दुःख वेगळं होतं. त्यांच्या विजेनं नेमकं काय केलं, ते आता कधीच कळणार नव्हतं. माझी काळजी दुसरीच होती. आत पेशींची एखादी ओळ जरी जिवंत राहिली असेल, तर कांडी आणखी काही आठवडे दूधभात खाईल, मांजरं हाकलेल, आणि मग गाठ पसरेल. तेव्हा माझ्या सुरीला करण्यासारखं काही उरणार नाही.

भर दुपारी मी स्कूटर काढली. तोंडाला ओढणी, हातात मोजे, तरी हँडल चटके देत होतं. विणकरांची ती गल्ली ऐन उन्हात सुद्धा झोपत नाही. घराघरांतून मागांचा खडखडाट, इतका की तो कानांपेक्षा दातांत जाणवतो. तिथली माणसं आपसांत ओठांवरून आणि हातांच्या खुणांनी बोलतात. मला ती विद्या येत नाही. मी आपली ओरडते.

लक्ष्मीबाई खोलीच्या कोपऱ्यात कांड्या भरत बसल्या होत्या. शेजारी ओल्या पोत्यावर कांडी. तिनं मला ओळखलं आणि शेपटी जमिनीवर आपटली. डोळ्यांत चमक होती, हे खरंच. लक्ष्मीबाईंनी हातानं खूण केली: बघा, बरी आहे.

"ते खरंय!" मी ओरडले. "पण कापायला पाहिजे!"

त्यांनी मान हलवली. यादगिरी मागांच्या मधे उभे राहून आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत होते.

"बरी दिसते म्हणजे बरी झाली असं नाही!" मी आणखी आवाज चढवला. लक्ष्मीबाईंनी ओठांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. यादगिरी माझ्या कानाशी येऊन ओरडले, "त्या म्हनत्यात, मेलं म्हनून तुमीच सांगितलं की!"

मी छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला. "ते सगळं मेलंय की नाही, ते..."

आणि लाईट गेली. उन्हाळ्यात जाते तशी, सबंध गल्लीची, एका झटक्यात. शेकडो धोटे जागच्या जागी थांबले. आणि त्या भयाण शांततेत माझं उरलेलं वाक्य गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

"...मला माहीत नाही!"

कुठंतरी एक पंखा फिरत फिरत थांबला. समोरच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. "काय म्हाईत न्हाय वो मॅडम?"

लक्ष्मीबाईंनी हातातली सुताची कांडी खाली ठेवली. आता त्यांना ओरडायची गरज नव्हती. "मग त्या दिवशी मेलं म्हनला ते?"

"माझा अंदाज होता. अजून आहे. उंदरांत तसं झालं, डुकरांत झालं. कांडीत झालं का, ते आत बघितल्याशिवाय मला काय, कोणालाच कळणार नाही."

"आनि कापताना ती गेली तर?"

"ते मात्र मला माहीत आहे. धोका थोडा आहे, नाही असं नाही. पण ते काम मी रोज करते, आणि चांगलं करते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घामानं माझी ओढणी चिकटली होती, चेहरा बहुतेक टोमॅटोसारखा झाला असावा. मग त्या उठल्या आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आल्या.

"हे आदी सांगायचं की," त्या म्हणाल्या. "मेलं, मेलं म्हनल्यावर मेलेल्यासाठी जित्याचं पोट कोन फाडंल?"

मी पाणी प्यायले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि मला राग यायच्या ऐवजी फार बरं वाटलं. लाईट आली तेव्हा कांडीला रिक्षात घालून झालं होतं. दूधभात मात्र तिनं सकाळीच चापला होता, म्हणून ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं. ती रात्र लक्ष्मीबाई दवाखान्यातच, तिच्या पिंजऱ्याला टेकून बसल्या. त्यामुळे कांडी पाणी प्यायली.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चांगल्या ऑपरेशनबद्दल नसतंच. यकृताचा तो तुकडा निघाला, रक्त फार गेलं नाही, टाके मी स्वतः घातले. ट्रेमधली गाठ बाहेरून जवळपास तशीच दिसत होती, जराशी गडद. माने सर तिच्याकडे पेपर तपासायला बसल्यासारखे बघत होते. मग ती तपासणीला गेली आणि आमचं वाट बघणं सुरू झालं. गाड्यांवर कलिंगडं जाऊन आंबे आले. एका संध्याकाळी वळवाची सर आली, धूळ तेवढी बसली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन जास्तच तापलं. कांडीचे टाके निघाले.

तपासणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा माने सर समोरच होते. मी फोन स्पीकरवर टाकला. सुयांच्या मधली गाठ पूर्ण मेली होती. एकही पेशी शिल्लक नाही, आणि मधली बारीक रक्तवाहिनी शाबूत. माने सरांनी टेबलावर थाप मारली. "पण," डॉक्टर म्हणाले, "वरच्या बाजूला, छातीच्या पडद्याकडं, कडेनं जिवंत पेशींची एक पातळ ओळ आहे."

मी माने सरांकडे बघितलं. मला वाटलं, पडलं तोंड. पण तो माणूस खुर्ची ओढून कागदावर रेघा मारायलाच बसला. "म्हंजे वीज पोचली तितं सगळं मेलंय. सुईच तितवर पोचली न्हाय. आता कळलं की कितपत लांब जायचं ते." मग पेन थांबवून म्हणाले, "लई बरं झालं मॅडम, तुमी गेला ते."

मी पुन्हा त्या गल्लीत गेले. या वेळी यादगिरींनी चारही माग हातानं बंद केले. मी मोबाईलवर काढून आणलेला फोटो लक्ष्मीबाईंना दाखवला. फिकट गुलाबी, पुसट झालेलं सगळं मैदान, आणि वरच्या कडेला गडद जांभळ्या ठिपक्यांची एक रेघ.

"हे मेलेलं. आणि ही रेघ जिवंत होती."

त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाखाली ती दिसेनाशी झाली. "एवढीच?"

"एवढीच."

"ही राहिली असती तर?"

"वाढली असती."

त्यांनी बोट उचलून ती रेघ परत बघितली. मग म्हणाल्या, "माज्या मायेनंच गेली असती की वो ती." आणि रडायला लागल्या. कांडी उठून त्यांच्या मांडीत तोंड खुपसायला आली, टाक्यांच्या जागी केस नुकते उगवत होते. यादगिरी बंद मागावरचा अर्धवट विणलेला टॉवेल उगाच नीट करत राहिले. मलाही भरून आलं. मी ते लपवलं नाही.

त्याला आता काही उन्हाळे झाले. पेटी नवी आली, तिला कूलर लागत नाही, आणि माने सरांना त्याचं थोडं वाईट वाटतं. सुया किती लांब टोचायच्या ते आम्हाला आता पक्कं कळलंय. मी अजूनही ऐटीत बोलते. ते काही जाणार नाही. पण जे माहीत नाही ते सुद्धा आता मी तितक्याच ऐटीत सांगते, आणि माणसं त्यावर जास्त विश्वास ठेवतात असा माझा अनुभव आहे.

परवा वैरागहून एक निवृत्त एसटी कंडक्टर आले, काळ्या कुत्र्याला खांद्यावर घालून. गाठ मोठ्या शिरेला मिठी मारून बसलेली. माझ्या सुरीचं तिथं काम नव्हतं. मी म्हटलं, यात कापणं नाही, नुसती वीज. कापणार नाही म्हणजे आतलं सगळं मेलं का, ते डोळ्यांनी बघताही येणार नाही. महिन्या-महिन्याला सोनोग्राफी करून अंदाज घ्यायचा. तरी जमेल असं मला वाटतं, आणि वाटण्याला कारणं आहेत.

आज सकाळी कुत्रा टेबलावर झोपला, माने सरांनी तारा जोडल्या. मी हात धुऊन आत निघाले तेव्हा कंडक्टर दाराशी आडवे आले.

"मॅडम, हे आदी कुनावर करून बगितलंय का?"

"बघितलंय. इथलीच कुत्री होती, टॉवेलवाल्यांची. तिची गाठ मात्र नंतर कापूनही काढली."

ते जरा घुटमळले. पुढचं विचारावं की नको, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"जगली का वो ती?"

"जगली," मी म्हटलं. "काल तपासणीला आली होती, बाहेर लिंबाखाली माझ्यावर भुंकली." आणि मी आत गेले.